परदेशात असताना ट्रेडिंग: नेट जाणारच, हे धरून केलेली तयारी

परदेशातून ट्रेडिंग करायचं म्हटलं की नवा माणूस आधी विचारतो, तिथे नेटला स्पीड किती मिळेल? स्पीडची एवढी काळजी करायचं कारण नाही. भाव आणि चार्ट चालायला फारसा डेटा लागत नाही. घात होतो तो नेट मधेच गेल्याने, आणि त्याहून जास्त, ते गेलंय हे वेळेत न कळल्याने. म्हणून माझी तयारी एका प्रश्नापासून सुरू होते: आत्ता नेट गेलं आणि तासभर आलंच नाही, तर माझ्या उघड्या पोझिशनचं, म्हणजे घेतलेल्या पण अजून न मिटवलेल्या सौद्याचं, काय होईल?

तुमची ऑर्डर नेमकी कुठे बसली आहे, त्यावर हे ठरतं. स्टॉप-लॉस, म्हणजे ठरवलेल्या भावाला तोटा थांबवणारी ऑर्डर, ब्रोकरच्या सर्व्हरवर किंवा एक्स्चेंजवर नोंदलेला असेल, तर तुमचा लॅपटॉप बंद असला तरी तो लागतो. पण सगळ्या सोयी तशा नसतात. मेटाट्रेडर या ट्रेडिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये साधा स्टॉप-लॉस सर्व्हरवर राहतो. ट्रेलिंग स्टॉप, म्हणजे भावामागे सरकत जाणारा स्टॉप, मात्र तुमच्या मशीनवरचं टर्मिनल (तिथे बसवलेला प्रोग्रॅम) चालवतं. टर्मिनल बंद पडलं की स्टॉप शेवटच्या जागीच थांबतो, भावामागे सरकत नाही. एक्स्पर्ट ॲडव्हायझरचंही, म्हणजे आपोआप सौदे करणाऱ्या प्रोग्रॅमचंही, तेच. तुमची पद्धत आपोआप चालणारी असेल, तर व्हीपीएस, म्हणजे डेटा सेंटरमधला सतत चालू असणारा दूरचा संगणक, भाड्याने घ्या. टर्मिनल डेटा सेंटरमध्ये चालू राहतं आणि आपण फक्त लक्ष ठेवायचं. आपल्या प्लॅटफॉर्मवर कोणती ऑर्डर कुठे राहते, हे निघण्यापूर्वी ब्रोकरला विचारून लेखी उत्तर घ्याच.

सर्व्हरवरचा स्टॉप-लॉसही सगळं वाचवत नाही. बाजार गॅपने, म्हणजे आधीच्या भावापासून एकदम उडी घेऊन, उघडला तर स्टॉपचा भाव ओलांडून पुढे मिळेल त्या भावाला सौदा होतो. स्टॉप-लिमिट लावली, म्हणजे ठरवलेल्या मर्यादेपलीकडच्या भावाला सौदा नको असं सांगितलं, तर सौदा होईलच असंही नाही. प्रवासात मी पोझिशन लहान ठेवते ती यासाठीच, आणि विमानात असेन त्या वेळेसाठी इंट्राडे (त्याच दिवशी मिटवायचा) सौदा उघडा ठेवत नाही.

आता नेटबद्दल. दोन वाटा हव्यात, आणि त्या खरोखर वेगळ्या हव्यात. हॉटेलचं वायफाय ही एक आणि फोनचा हॉटस्पॉट ही दुसरी. दोन वेगवेगळी ई-सिम घेतली, पण दोन्ही तिथल्या एकाच कंपनीच्या टॉवरवर चालत असतील, तर ती वाट एकच झाली. वीज गेली की हॉटेलचा राउटर बंद पडतो, हॉटस्पॉट बहुधा चालू राहतो. म्हणून फोन आणि पॉवर बँक सतत भरलेली ठेवायची. पॉवर बँक विमानात हातातल्या सामानातच न्यावी लागते, आणि १०० वॉट-अवरच्या वरची असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते.

सार्वजनिक वायफाय मला आवडत नाही, त्याला कारण आहे. एकदा विमानतळावर बसले होते. वायफायचं चिन्ह पूर्ण भरलेलं, समोर चार्ट, भाव अगदी शांत. बाजार थंड आहे असंच वाटावं. शेवटच्या टिकची, म्हणजे भावातल्या शेवटच्या बदलाची, वेळ पाहिली तर ती केव्हाच मागे पडलेली. वायफायची मोफत मुदत संपली होती, आणि ब्राउझर उघडेपर्यंत नव्या लॉगिनचं पान दिसणारच नव्हतं. प्लॅटफॉर्मवर शेवटच्या टिकची वेळ किंवा सर्व्हरची वेळ दिसत असेल, तर तिच्याकडे बघायची सवय लावून घ्या. सिग्नलच्या दांड्या फोन आणि राउटर, नाहीतर फोन आणि टॉवर, यांच्यापुरतंच सांगतात. पुढचं काही नाही.

रोमिंगची एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. रोमिंगवरचा डेटा अनेकदा आधी तुमच्या मूळ कंपनीच्या नेटवर्कपर्यंत जातो आणि तिथून इंटरनेटवर येतो. प्रवासी ई-सिमचा डेटा कधी तिसऱ्याच देशातून बाहेर पडतो. त्यामुळे उशीर वाढतो, आणि ब्रोकरला तुमचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) भलत्याच देशातला दिसतो. संशयास्पद लॉगिन म्हणून खातं अडकतं ते अशामुळे. ब्रोकरला आधी कळवा. कोणत्या देशातून लॉगिन चालतं हेही विचारा, कारण काही ब्रोकर काही देशांतून सेवा देत नाहीत. ते लपवायला व्हीपीएन वापरू नका. काही देशांत व्हीपीएनवरच निर्बंध आहेत.

ओटीपी एसएमएसने येत असेल तर मूळ सिम फोनमध्ये चालू ठेवा, फक्त त्याचं डेटा रोमिंग बंद करा. ऑथेंटिकेटर ॲप त्याहून बरं. दर ३० सेकंदांनी बदलणारा कोड फोन स्वतः तयार करतो, त्याला नेट लागत नाही. फोनचं घड्याळ मात्र बरोबर हवं. बॅकअप कोड कागदावर लिहून वेगळ्या बॅगेत.

अंतरावर काही उपाय नाही. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे दहा हजार किलोमीटरवरच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला किमान १०० मिलिसेकंद, प्रत्यक्षात जास्तच. स्विंग ट्रेडिंगला, म्हणजे काही दिवस सौदा ठेवण्याच्या पद्धतीला, याने काही बिघडत नाही. स्कॅल्पिंग, म्हणजे काही सेकंद-मिनिटांत सौदा उरकणं, मात्र प्रवासात करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

वेळेचंही बघा. न्यूयॉर्कचा शेअर बाजार तिथल्या वेळेने सकाळी ९.३० ला उघडतो. अमेरिकेची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपची शेवटच्या. मधले दोन-तीन आठवडे युरोपात बसून ट्रेड करणाऱ्याचं गणित एक तासाने चुकतं.

आणि ऑर्डर पाठवताना नेट गेलं तर? पुन्हा बटण दाबायचं नाही. दुसऱ्या वाटेने लॉगिन करून आधी ऑर्डर बुक (आपल्या ऑर्डरींची यादी) आणि पोझिशन बघायची, कारण पहिली ऑर्डर पोहोचलेली असू शकते. दोन्ही वाटा बंद असतील तर ब्रोकरच्या डीलिंग डेस्कला, म्हणजे फोनवर ऑर्डर घेणाऱ्या विभागाला, फोन करायचा. तो नंबर, खाते क्रमांक आणि फोनवरची ओळख पटवायची माहिती हाताशी ठेवा, आणि नंबर परदेशातून लागतो का ते आधीच बघून घ्या. फोनवर नुसतं ‘विका’ म्हणू नका. कोणती पोझिशन, किती संख्या आणि ती बंदच करायची आहे हे सांगा, आणि समोरच्याला तेच परत म्हणायला लावा.