पंप पाठीवर घ्यायच्या आधी किडा ओळखा : कपाशी, मिरची, मका अन् भरताची वांगी

आपल्या खानदेशात कानबाईचा सण झाला, पोळा तोंडावर आला, कपाशी पात्या-फुलांवर आलीय, म्हणजे आता रोज सकाळी ग्रुपवर किड्यांचे फोटो पडायला सुरुवात. फोटो कसा, तर तळहातावर अर्धा चिरडलेला किडा, त्यातही हललेला, अन् खाली एवढंच, "हाऊ कोनता किडा शे भो, काय मारू?" त्याच्यावर तीन जण तीन औषधं सांगतात, दुकानदार चौथं देतो अन् संध्याकाळी फवारणी होऊनही जाते. किडा कोणता होता ते शेवटपर्यंत कोणालाच माहीत नसतं.

तर आधी फोटोचं बघू. किडा उचलू नका, पानावर आहे तसाच राहू द्या. एक फोटो वरून, एक बाजूने, एक पान उलटं करून, आणि शेजारी रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे साईज कळते. मोबाईल एकदम जवळ नेला की फोकस जातो, थोडं मागून काढा अन् मग क्रॉप करा. सोबत पीक, गाव, तारीख आणि तो करत काय होता ते लिहा, पान खात होता का रस शोषत होता का नुसता बसलेला. रात्री पांढरी चादर टांगून लाईटवर येणाऱ्या पतंगांचे फोटो काढणारी हौशी मंडळी असतात ना, त्यांच्याकडून हे शिकण्यासारखं आहे, आयनॅचरलिस्टसारख्या ॲपवर फोटो टाकला तरी दुसऱ्या कोणी दुजोरा दिल्याशिवाय नाव पक्कं धरत नाहीत, अन् फोटो पुरेसा नसला तर "हा अमुक कुळातला, पुढचं यावरून सांगता येत नाही" म्हणून थांबतात. पुसट फोटोवरून धाडकन नाव अन् औषध सांगणाऱ्यापेक्षा असा माणूस बरा. गुगल लेन्स अंदाजापुरतं ठीक, पण ते कधी कधी परदेशातल्या भलत्याच किड्याचं नाव देतं, त्याच्यावर औषध आणू नका.

पाय मोजायची सवय लावा. सहा पाय म्हणजे कीटक, आठ म्हणजे कोळ्याच्या जातीतला. आपला मृगाचा लाल मखमली किडासुद्धा आठ पायांचा, म्हणजे तो कीटक नाहीच. हे नुसतं पोरांच्या अभ्यासाचं नाही, नंदुरबारकडच्या मिरचीवाल्यांनी तर पक्कं लक्षात ठेवायचं. मिरचीचं पान कडेनं वर वळलं तर बहुतेक फुलकिडे, खाली वळलं तर कोळी (जाळं विणणारा नाही, रस शोषणारा बारीक), आणि कोळी असला तर त्याला कोळीनाशकच लागतं, फुलकिड्याचं औषध मारून पैसे पाण्यात. पांढऱ्या माशीमुळे येणारा व्हायरसही पान आकसवतो, त्या झाडाला कितीही फवारलं तरी ते सरळ होत नाही, म्हणून भिंग घेऊन पानाखाली बघितल्याशिवाय ठरवू नका.

सगळ्यात जास्त घोळ लेडीबर्डचा होतो. पूर्ण वाढलेला भुंगा सगळे ओळखतात, लाल-नारिंगी, चकचकीत, कोणावर सात काळे ठिपके, कोणावर वाकड्या काळ्या रेघा. पण त्याची अळी बघा, लांबट, काळपट, अंगावर नारिंगी-पिवळे डाग, सहा पाय पसरून चालते, अगदी मगरीच्या पिल्लासारखी, आणि नेमकी तीच मावा पडलेल्या शेंड्यावर सापडते म्हणून लोक तिलाच गुन्हेगार समजून मारतात. ती मावा खायला आलेली असते हो! आता उलटा प्रकार यावल-रावेरकडच्या भरताच्या वांग्यावर. तिथे दिसायला तसाच भुंगा पण अंगाला चमक नाही, बारीक लव असते, ठिपके बरेच, काहींना तर २८, आणि अळी पिवळी, अंगभर काटे. हा पान खरवडून जाळी करून ठेवतो. म्हणजे चकचकीत तो मित्र, मळकट अन् लवदार तो शत्रू, आणि शंका आली तर पान बघा, मावा आहे का जाळी आहे.

पानावर केसाएवढ्या बारीक दांडीवर एकेक अंडं उभं दिसलं तर ते क्रायसोपा नावाच्या मित्रकिड्याचं, हात लावू नका, त्याची अळी मावा-तुडतुडे फस्त करते. तसंच अळीच्या अंगावर किंवा शेजारी पांढऱ्या तांदुळाएवढ्या कोशांचा पुंजका असला तर ती अळीची अंडी नाहीत, ते बारीक गांधीलमाशीचे कोश. ती अळी आधीच कामातून गेलेली असते, तिला मारायला परत खर्च कशाला?

कपाशीत आता खरा विषय गुलाबी बोंडअळीचा. मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे कामगंध सापळे हेक्टरी ५, म्हणजे एकरी २ धरा. पण सापळ्यात पडलेला प्रत्येक पतंग तिचाच नसतो, चुकून दुसरेही आत जातात. गुलाबीचा पतंग बारीक, सेंटीमीटरच्या आतबाहेर, करड्या-तपकिरी रंगाचा. असे ८ पतंग रोज एका सापळ्यात सलग ३ रात्री आले की मग फवारणीचं बघायचं. फुलांत डोमकळी शोधा, पाकळ्या एकमेकींना चिकटून न उघडलेलं फूल, सोडवलं की आत अळी. पुढे हिरवी बोंडं लागली की एकरी २० तोडून फोडा, २ मध्ये जिवंत अळी निघाली म्हणजे १० टक्के झाले, थांबू नका. लहान अळी पांढरट असते, गुलाबी नंतर होते, त्यामुळे "गुलाबी नाही म्हणजे दुसरी असेल" असं समजू नका. तुडतुडे ओळखायला सोपे, पान उलटवलं की तिरके पळतात, दर पानाला २-३ च्या वर गेले तरच विचार करा.

मक्याच्या पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, कुठलीही अळी दिसली की लष्करी लष्करी सुरू होतं. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय (Y) आणि शेपटीकडे चौकोनात चार ठळक काळे ठिपके, दोन्ही असतील तर ती अमेरिकन लष्करी, २०१८ मध्ये आपल्या देशात आली ती.

मूग-उडदाच्या फुलांवर काळे-नारिंगी पट्ट्यांचे हिंगे नावाचे भुंगे येतात ते उघड्या हाताने धरू नका, फोड येतात. हातमोजे घालून साबणाच्या पाण्यात टाका.

एवढं करूनही कळलं नाही तर किडा प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून नेऊ नका, उन्हात सडतो. झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात, ज्या पानावर सापडला त्या पानासकट ठेवा, चिठ्ठीवर तारीख अन् मागची फवारणी कधी, कशाची केली ते लिहा, आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात, जळगाववाल्यांनी पाल म्हणा, ममुराबाद म्हणा, धुळे-नंदुरबारवाल्यांनी आपापल्या, सकाळीच घेऊन जा. औषधाचं नाव तिथूनच लिहून आणा, अन् फवारणी संध्याकाळी करा, दिवसा फुलांवर मधमाश्या असतात.