बीम टू बीम जॉइंटला स्प्रिंग द्यायची असेल तर आधी एकच बीम चालवून बघा

नाशिकच्या अंबड-सातपूरच्या शेडमध्ये मेझनाइन (मधला पोटमजला) टाकतात तेव्हा सेकंडरी बीम मेन बीमला क्लीट अँगल (एल आकाराचा छोटा तुकडा) आणि बोल्टने जोडतात, आणि मॉडेलमध्ये आपण तो जॉइंट एकतर फिक्स (अजिबात न वळणारा) ठेवतो नाहीतर पिन (मोकळा वळणारा) करून मोकळे होतो. खरा जॉइंट या दोन्हीच्या मधला, म्हणून तिथे वळण्याला थोडा विरोध करणारी स्प्रिंग द्यायची. पिन धरला तर बीम जड निघतो, फक्त पैसे जातात, पण फिक्स धरला तर डिफ्लेक्शन (बीमचा झोल) कमी दिसतं आणि ते मला जास्त धोक्याचं वाटतं.

स्टॅड या स्ट्रक्चरच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळा नोड (जोडबिंदू) लागत नाही, मेंबर रिलीजमध्ये केएमझेडची, म्हणजे बेंडिंगच्या स्प्रिंगची, व्हॅल्यू टाकली की झालं. अँसिस या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच जागी दोन नोड घ्या, एक मेन बीमचा एक सेकंडरीचा, मध्ये कॉम्बिन१४ हा स्प्रिंग एलिमेंट टाका आणि फक्त बेंडिंगच्या रोटेशनला स्प्रिंग द्या, बाकीचे पाचही डिग्री ऑफ फ्रीडम (सरकण्या-वळण्याच्या दिशा) कपल करा, म्हणजे दोन्ही नोडना एकत्र बांधा, नाहीतर बीम हवेत सुटतो आणि सॉल्व्हर सिंग्युलर म्हणून ओरडतो. नंतर नोड मर्ज करू नका, स्प्रिंग गायब होते. बीम तिरका असेल तर नोडची अ‍ॅक्सिस पण फिरवा.

आता k, म्हणजे स्प्रिंगचा कडकपणा, किती? टेस्ट रिपोर्ट नसेल तर आयएस ८००:२००७ या आपल्या स्टीलच्या कोडच्या अ‍ॅनेक्स एफमध्ये सेमी-रिजिडचं (अशा मधल्या जॉइंटचं) दिलंय. युरोकोडमध्ये ०.५EI/L च्या खाली पिन, ब्रेस्ड (तिरक्या आधारांनी आडवी हालचाल रोखलेल्या) फ्रेमला ८EI/L च्या वर रिजिड म्हणजे फिक्स (E स्टीलचा इलॅस्टिक मॉड्युलस, I सेक्शनचा मोमेंट ऑफ इनर्शिया, L स्पॅन), म्हणजे आपला k या दोघांत कुठे बसतो ते लगेच कळतं.

पूर्ण फ्रेमला हात लावायच्या आधी हे नक्की करा. आयएसएमबी ३०० (३०० मिमी खोलीचा आय सेक्शन), ६ मीटर स्पॅन, १० केएन पर मीटर लोड, दोन्ही टोकं पक्क्या सपोर्टला स्प्रिंगने जोडलेली. w हा दर मीटरचा लोड धरून टोकाचं मोमेंट = (wL²/१२) ÷ (१ + २EI/kL). I साधारण ८६०० सेमी⁴ धरला तर २EI/L येतो ५७३५ केएन-मीटर पर रेडियनच्या आसपास. k तेवढाच द्या, टोकाला १५ आणि मध्ये ३० केएन-मीटर आलं पाहिजे. टोकाला जवळजवळ ३० आलं तर युनिट बघा, स्टॅडची सपोर्ट स्प्रिंग पर डिग्री असते, तिथे हाच k साधारण १०० लिहायचा, ५७३५ लिहिलं तर जॉइंट ५७ पट कडक होतो आणि एरर काहीच येत नाही!

आणि मेन बीमच्या एकाच बाजूला सेकंडरी असेल तर स्प्रिंगच्या भानगडीत पडू नका, आय सेक्शन टॉर्शनला फार लवचिक, मेन बीमच पिळतो आणि टोकाला मोमेंट टिकतच नाही, तिथे सरळ पिन धरा. दोन्ही बाजूंनी समोरासमोर बीम येत असतील तिथेच ही मेहनत घ्या.