लोणच्याची बरणी पारखावी कशी, जपावी कशी

आंबट अन् खारट बरणी खातं, असं आमच्या बचत गटातल्या नव्या सुना धरूनच चालतात. खातं ते लोखंडाला, ॲल्युमिनियमला. चिनी माती म्हणजे मुख्यतः सिलिका अन् ॲल्युमिना. ऑक्सिजनशी त्यांचं लग्न आधीच लागलेलं, गंजायला काही उरलेलंच नसतं. वर असते ती झिलई, म्हणजे काच. बिघडलं तर तिथून बिघडतं.

बाजारात घेताना आधी टिचकी मारा. आवाज खणखणीत पाहिजे. भद्द आला तर कुठंतरी भेग आहे, नाहीतर भाजणी कच्ची. लोणच्याची बरणी साधारण १,२०० ते १,३०० अंश सेल्सिअसला भाजतात, तेव्हा कुठं मातीची छिद्रं बुजतात. माठाची भाजणी त्याहून बरीच कमी, म्हणून तो पाझरतो अन् पाणी गार करतो. मग बरणी उलटी करून बुडाच्या झिलई नसलेल्या कडेवर पाण्याचा थेंब सोडा. क्षणात पिऊन टाकला तर बरणी दुकानदाराकडेच राहू द्या.

घरच्या जुन्या बरणीत हळदीचं पाणी फिरवून जरा वेळ ठेवा, मग पुसा. पिवळी जाळी उमटली की समजा, झिलई तडकलेली आहे. आपण पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातले. भिंतीला पांढरा खार फुलून गिलावा कसा सुटतो, हे इथं कुणाला सांगायला नको. बरणीतही तसंच. खारं पाणी भेगेतून आत शिरतं, वाळलं की मिठाचे खडे धरतात, जागा मागतात अन् झिलईचा टवका उडतो. सासूबाईंच्या बरणीला तोंडाजवळ नखाएवढा टवका गेलाय. खालची माती बोटाला खरखरीत लागते, अन् कितीही धुतली तरी तिथं मोहरीच्या तेलाचा वास राहतोच.

नव्या बरणीवर लिंबाची फोड रात्रभर ठेवा. सकाळी त्या जागी चमक गेलेली किंवा रंग बदललेला दिसला तर झिलई कमजोर. मात्र लिंबानं शिसं कळत नाही, ते प्रयोगशाळेतच कळतं. म्हणून आतून भडक लाल-केशरी, शोभेची बरणी मी लोणच्याला लावूच देत नाही. आंबटात शिसं, कॅडमियम उतरू शकतं.

धुण्यात मात्र खरी मेख आहे. कढत पाण्यात धुण्याचा सोडा टाकून बरण्या रात्रभर भिजवायच्या, ही सवय सोडा. क्षार काचेतल्या सिलिकाची वीण उसवतो. दर वर्षी थोडी थोडी करत चमक जाते. चुलीच्या राखेतही क्षारच, वर तिचे कण ओरखडतात. गंजाचे डाग काढायच्या काही द्रावणांत हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं. ते काचच विरघळवतं, अन् हातालाही फार घातक. बरणीजवळ आणूच नका. साधा साबण, मऊ फडकं, बस.

नंतर सावलीत सुकवा. आपल्या मे महिन्याच्या उन्हात तापलेल्या बरणीत गार पाणी ओतलं तर ती तिथल्या तिथं तडकते. पूर्ण कोरडी झाली की लोणचं भरा, वर दादरा बांधा.

टवका गेलेली बरणी फेकू नका. तिच्यात सुक्या मिरच्या ठेवा, तुरीची डाळ ठेवा. मीठ अन् चिंच तेवढी नको.