पुढच्या दातांमधली फट: मी बाँडिंग का निवडलं

वरच्या दोन दातांमध्ये लहानपणापासून दीड मिलिमीटरची फट होती. बहिणीच्या लग्नाआधी ती बुजवायची म्हणून बडोद्यात दांडिया बाजारातल्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आधी हिरड्या तपासल्या, एक्स-रे काढला. ही पायरी कुणीही टाळू नका. फट मोठेपणी नव्याने पडली असेल किंवा वाढत असेल, तर मागे हिरड्यांचा आजार असू शकतो. तो बरा झाल्याशिवाय वरून काही करण्यात अर्थ नाही. गिळताना जीभ दातांवर रेटायची सवय असली तरी दात पुन्हा सरकतात.

फट बुजवायचा एक पर्याय व्हिनियर, म्हणजे दातावर पुढून चिकटवायचं पातळ कवच. दिसायला सुरेख, पण त्यासाठी बहुतेकदा इनॅमल (दाताचं वरचं कठीण आवरण) घासावं लागतं आणि ते परत येत नाही. धडधाकट दात घासून घ्यायला माझं मन धजेना. अलाइनरला, म्हणजे दात हळूहळू सरकवणाऱ्या पारदर्शक साच्यांना, महिने लागतात, वर दात परत सरकू नयेत म्हणून रिटेनर घालायचा.

शेवटी काँपोझिट बाँडिंग केलं. दाताच्या रंगाचं मटेरियल थर देत चढवायचं, निळ्या प्रकाशाने घट्ट करायचं. एका बैठकीत झालं, इंजेक्शनही लागलं नाही. दात पांढरे करून घ्यायचे असतील तर आधीच करा, कारण काँपोझिट नंतर ब्लीचने उजळत नाही. भर दोन्ही दातांना सारखी द्यायला सांगा, नाहीतर एकच दात रुंद दिसतो.

चहा-हळदीचे डाग पडू शकतात, कधी टवकाही उडतो, त्यामुळे काही वर्षांनी डागडुजी येणारच. चिक्की मी आता दाढेनेच खाते. फट याहून बरीच मोठी असती, तर मात्र मी अलाइनरच घेतले असते.