उसाचा खरा खर्च: एकरी हिशेब कसा मांडायचा

२०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, क्विंटलला ३५५ रुपये ठरवली. उत्पादन खर्च १७३ रुपये धरून, दर दुपटीहून जास्त असल्याचंही सांगितलं. मग सांगलीच्या वाळवा-पलूसकडे उसाचं बिल जमा झाल्यावर हातात काहीच का राहत नाही? कारण ‘खर्च’ म्हणजे काय हे कोण ठरवतो, यावर नफा ठरतो.

१७३ हा ए२ अधिक एफएल खर्च आहे. ए२ म्हणजे बेणं, खत, मजुरी, पाणीपट्टी, घसारा, खेळत्या भांडवलावरचं व्याज आणि खंडाने जमीन घेतली असेल तर तो खंड. एफएल म्हणजे घरच्यांच्या राबण्याची मजुरी. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि विहीर-मोटारीत अडकलेल्या स्वतःच्या पैशाचं व्याज सी२ या त्याहून व्यापक खर्चात येतं, १७३ मध्ये नाही. दुकानदाराने स्वतःच्या गाळ्याचं भाडं खर्चात धरलं तर त्याला शहाणा म्हणतात. शेतकऱ्याने धरलं की तक्रारखोर.

वही लागणीच्या दिवशीच सुरू करा. रोज रात्री कोण, काय काम, किती तास एवढंच लिहा. आठ तासांचा एक दिवस. हंगाम संपल्यावर आठवून लिहिलं तर भांगलण (खुरप्याने तण काढणं) हमखास निम्मी होते आणि रात्रीच्या पाळीचं पाणी तर कुणाच्या लक्षातच राहत नाही. पैरा, म्हणजे एकमेकांच्या रानात आलटून-पालटून काम, असेल तर आपण दुसऱ्याच्या रानात दिलेले दिवसही आपल्याच खर्चात. बाईच्या दिवसाला गावात कमी मजुरी मिळते म्हणून वहीत तीच लावू नका. त्या दरातच अन्याय आहे, तो ‘बाजारभाव’ म्हणून पुन्हा मांडायचं कारण नाही.

आता दर. ही एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या टक्केवारीला) आहे, पुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये वाढतात. उतारा ११.७५ असेल तर १५ टप्पे, म्हणजे ५१.९० रुपये. क्विंटलला ४०६.९०, टनाला ४,०६९. यातून तोडणी-वाहतूक वजा होते. ती ९०० धरली तर ३,१६९.

उदाहरणादाखल एक एकर आडसाली (पावसाळ्यात लावलेला, जास्त मुदतीचा ऊस), १६ महिने, ५० टन:

जमा १,५८,४५०
ए२ वजा ७०,०००, उरले ८८,४५०
घरचे १०० दिवस, ४०० रुपयांप्रमाणे ४०,०००, उरले ४८,४५०
वर्षाला ३६,००० खंडाने १६ महिन्यांचे ४८,०००, उरले ४५०

आणि विहीर-मोटारीचं व्याज अजून लावायचंच आहे. आकडे तुमचे घाला, क्रम हाच ठेवा.

सगळ्यात जास्त चुका कपातीत होतात. बिलातून सोसायटीचं कर्ज कापलं की लोक ते खर्चात लिहितात. पण त्या कर्जातून आणलेलं खत आधीच ए२ मध्ये आलेलं असतं, म्हणजे तोच पैसा दोनदा धरला जातो. मुद्दल लिहू नका, व्याज फक्त एकदाच लिहा. उलट तोडणीच्या टोळीला आणि ड्रायव्हरला वरून दिलेली खुशाली पावतीवर नसते, ती मात्र आठवणीने लिहा.

काटापावतीजवळ (कारखान्यातल्या वजनाची पावती) ऊस गेल्याची आणि पैसे जमा झाल्याची तारीख टिपा. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे पैसे १४ दिवसांत द्यायचे असतात, पुढच्या उशिराला वार्षिक १५ टक्के व्याज लागतं. तारखा नसतील तर ते मागता येत नाही.

खोडव्याचं, म्हणजे तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून फुटलेल्या पिकाचं, पान वेगळं करा. बेणं आणि लागणीची मशागत त्यात पुन्हा धरायची नाही. पाचट कुट्टी (वाळल्या पाल्याचे तुकडे करणं) आणि बगला फोडणं (सरीच्या बाजूची माती नांगराने मोकळी करणं) मात्र येतं.