मुंबईत पाइपलाइनच्या कामावर लागायचे असेल तर

मुंबईचे पाणी तानसा, भातसा, वैतरणा अशा दूरच्या जलाशयांतून येते आणि शहरातील जलवाहिन्या टाकण्याचे व बदलण्याचे बरेचसे काम महापालिका ठेकेदारांकडून करून घेते. म्हणून या धंद्यात येणाऱ्याने जाहिरातीची वाट न पाहता चालू कामावरचा मुकादम गाठावा. पावसाळ्यात रस्ते खोदण्यावर निर्बंध असतात. तो सरल्यावर खोदकामाला वेग येतो आणि माणसे लागतात, त्यामुळे जूनमधला हेलपाटा बहुधा फुकट जातो.

सुरुवात बिगारी म्हणूनच होते: चर खणणे, माती उपसणे, हायड्राने (फिरत्या क्रेनने) पाइप उतरवताना दोर धरणे. परंतु खरी किंमत सांधा जोडणाऱ्या हाताला आहे, तेव्हा फिटरच्या शेजारची जागा धरावी. डक्टाइल आयर्न (चिवट ओतीव लोखंडाच्या) पाइपच्या सॉकेटमधील, म्हणजे रुंद तोंडातील, खाच वाळूचा कण न राहील अशी पुसणे, रबरी रिंग पीळ न पडता बसवणे, पाइपच्या टोकाला साबणयुक्त वंगण लावणे (साधे ग्रीस लावू नये, त्याने रबर फुगून खराब होते) आणि टोक सरळ रेषेत, खुणेपर्यंत आत सारणे, एवढे ज्याला नीट जमते त्याला मुकादम सहसा सोडत नाही, कारण रिंग दुमडली की दाब-चाचणीत सांधा गळतो आणि बुजवलेली चर पुन्हा उकरावी लागते.

दीड मीटरहून खोल चरीत बाजूंना आधार दिल्याशिवाय उतरू नये; मुंबईत भरावाची जमीन पुष्कळ आहे आणि खाडीलगत तर भरतीचे पाणी झिरपून कडा ढासळतात. वीज-केबल किंवा गॅसवाहिनी असण्याची शक्यता असेल तेथे आधी हाताने, बेताने चाचणी-खड्डा घ्यावा. मलवाहिनीच्या मॅनहोलमध्ये विषारी वायू साचतो. मुकादमाने कितीही घाई केली तरी वायूची तपासणी, सुरक्षासाधने आणि वर पहारा करणारा माणूस नसताना आत जाऊ नये.

कागदांबाबत मात्र पहिल्या दिवसापासून दक्ष असावे. हजेरी आणि घेतलेली उचल स्वतःच्या वहीत तारखेसह लिहावी, भविष्यनिर्वाह निधी कापला जात असल्यास खाते क्रमांक मागून घ्यावा. वय १८ ते ६० असून मागील वर्षभरात ९० दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र मिळाले, तर राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करता येते. पुढे वाढायचे असेल तर आयटीआयचा वेल्डर किंवा प्लंबर अभ्यासक्रम एका वर्षाचा आहे. पोलादी मुख्य वाहिन्या जोडण्याच्या कामासाठी वेल्डरच निवडावा.