विनोदी नाच बसवताना तोंड सरळ ठेवा

गॅदरिंगला विनोदी नाच म्हटलं की मुलं आधी तोंडं वेडीवाकडी करतात. माझ्या वर्गात त्याला बंदी आहे. हा धडा मी 'कॅक्टाय' (म्हणजे निवडुंगं) हा नाच बघून घेतला. अलेक्झांडर एकमन या स्वीडिश नृत्यदिग्दर्शकाने २०१० साली हेगच्या नेदरलँड्स डान्स थिएटरच्या तरुण संचावर तो बसवला. १६ नर्तक आपापल्या लाकडी चौथऱ्यावर थापा मारतात, अंग बडवतात, धापा टाकतात, आणि तेही असं तालात की तबलजीनं मान डोलवावी. वर कुणीतरी विद्वान आवाजात या सगळ्याचा गहन अर्थ सांगतो. मग हातात निवडुंगं येतात. का, ते विचारायचं नाही. अर्थ काढणाऱ्यांचीच तर टर उडवली आहे!

आपल्याला जमण्यासारखं आहे ते त्यातलं द्वंद्वनृत्य. दोघं नाचतात आणि त्यांच्या मनातलं बोलणं स्पीकरवर ऐकू येतं.

आधी दोघांचा दीड मिनिटाचा तुकडा अगदी गंभीरपणे बसवा. तो हातापायात मुरला की तालमीत मोबाइल कोपऱ्यात ठेवून रेकॉर्डिंग सुरू करा. संवाद लिहायला बसू नका, लिहिलेलं लगेच नाटकी वाटतं. आमच्याकडे "डावा... अगं, तुझा नाही, माझा डावा" आणि "ई, हात पूस ना" असं फुकटात मिळालं. तीच वाक्यं नंतर पंखा बंद करून पुन्हा म्हणवून रेकॉर्ड करा.

खरी मेहनत पुढे आहे. शब्द हालचालीच्या अर्धी मात्रा आधी यायला हवा. 'पाय' ऐकू आलं आणि मग पाय उचलला, तर हशा. आधी पाय आणि मग शब्द, तर ती क्रिकेटची कॉमेंट्री. आम्ही या अर्ध्या मात्रेवर चार संध्याकाळी घालवल्या. हशा आला तरी नाचणाऱ्यांनी थांबायचं नाही, प्रेक्षकांकडे तर बघायचंच नाही.

'कॅक्टाय'मध्ये वरून धप्पकन मेलेलं मांजर पडतं, अर्थात खोटं. मला मोह आवरला नाही, मी उशी टांगली. प्रयोगात "आता पडेल" असा आवाज आला, दोघांनी वर पाहिलं, आणि दोरी अडकली. पोरं शहाणी, नाचत राहिली.

नंतर एका पालकांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मॅडम, ती न पडलेली उशी म्हणजे अपेक्षाभंगाचं प्रतीक ना?"

मी हो म्हणाले.